टर्मिनल मल्टिप्लेक्सर

लिनक्स व युनिक्सच्या कुळातील इतर प्रणालींवर एकाच टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या पडद्यात) अनेक शेल (टंकलेल्या आज्ञा पार पाडणारे प्रोग्राम) चालवणारा, आणि टर्मिनल बंद पडले तरी ती शेल जिवंत ठेवणारा प्रोग्राम. जीएनयू स्क्रीन व टीमक्स हे त्याचे प्रमुख नमुने.

उगम : पहिला मान कोणाचा, याबद्दल मतभेद संभवतो. ४.३ बीएसडी (१९८६) या प्रणालीत ‘विंडो’ नावाचा प्रोग्राम होता व तो पडद्याचे भाग पाडत असे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ओलिव्हर लाउमान व कार्स्टेन बोरमान यांचा स्क्रीन १९८७ च्या सुमाराचा. केवळ पडदा विभागणे ही कसोटी धरली, तर मान विंडोकडे जातो. परंतु सत्र (एकत्र चालणाऱ्या शेलांचा संच) टर्मिनलपासून सोडवून पुन्हा जोडता येणे हा या साधनाचा प्राण आहे आणि ती सोय स्क्रीनने रूढ केली; म्हणून परंपरा स्क्रीनपासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. निकोलस मॅरियट यांचा टीमक्स २००७ मध्ये आला. त्याचा प्राथमिक नमुना स्क्रीनच्याच आत चालवून लिहिला गेला. स्क्रीनच्या कंट्रोल-एशी टक्कर नको म्हणून त्याची पूर्वकळ (प्रत्येक आज्ञेआधी दाबायची कळजोडी) कंट्रोल-बी ठरली.

कार्य : सोलापुरात घरी बसून पुण्यातील सर्व्हरवर एखादी लांबलचक आकडेमोड सुरू केली आणि दुपारी वीज जाऊन राउटर बंद पडला, तर एरवी जोडणी तुटल्याचा संदेश त्या शेलला मिळतो आणि आकडेमोडही मरते. टीमक्समध्ये मात्र शेल एका आभासी टर्मिनलला जोडलेले असते व ते टर्मिनल सर्व्हरवरच्याच टीमक्स-प्रक्रियेच्या हातात असते. वीज आल्यावर ‘टीमक्स अटॅच’ म्हटले की पडदा होता तसा समोर येतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये कारागीर चहाला गेला तरी माग चालू राहतो, तसेच हे. शेडचीच वीज गेली की माग थांबतो. सर्व्हरच बंद पडला तर सत्रही जाते.

लिनक्सवरील सेवा व प्रक्रिया सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या मे २०१६ मधील २३० या आवृत्तीत लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया मारणे हे मूळ धोरण झाले आणि सोडवून ठेवलेली सत्रेही त्यात सापडली. असे धोरण असलेल्या यंत्रावर त्या वापरकर्त्यासाठी ‘लिंगर’ (लॉगआउटनंतरही त्याच्या प्रक्रिया सांभाळत राहण्याची सोय) चालू करावे लागते आणि टीमक्स लॉगिन-सत्राच्या कक्षेबाहेर सुरू करावा लागतो.

मांडणी : सत्रात खिडक्या, खिडकीत तावदाने. पूर्वकळीनंतर टक्केचिन्ह दाबले की तावदाने शेजारी-शेजारी होतात, दुहेरी अवतरणचिन्हाने वर-खाली. ‘डी’ने सत्र सुटते. वर सरकून गेलेल्या ओळी जपण्याची मर्यादा मुळात २,००० असते. ती आधीच वाढवून ठेवावी. माउस, रंग इ. आवडीच्या बाबी. रचना-फाइल टीमक्स सुरू होतानाच वाचली जाते, त्यामुळे ती बदलून नवी खिडकी उघडली तरी फरक दिसत नाही; ‘सोर्स-फाइल’ आज्ञेने ती पुन्हा वाचून घ्यावी. नवशिक्याचा वेळ इथेच सर्वाधिक जातो.

देवनागरी : टर्मिनल म्हणजे समान चौकटींची जाळी, आणि तिची एक प्रत मल्टिप्लेक्सर स्वतःपाशी ठेवतो. ‘सोलापूर’ या शब्दात युनिकोडची ७ चिन्हे आहेत, वाचणाऱ्याला अक्षरे मात्र ४ दिसतात. ‘पू’मधील ऊकार शून्य रुंदीचा आणि काना व ओकार एकेका चौकटीचे धरले, तर शब्द ६ चौकटींचा होतो, पूर्ण अक्षरे मोजली, तर ४ चा. टर्मिनल एका रीतीने व मल्टिप्लेक्सर दुसऱ्या रीतीने मोजत असेल, तर कर्सर अक्षरावरून सरकतो आणि तावदानांमधील उभी रेघ वाकडीतिकडी होते. लोकेल (प्रणालीची भाषा व लिपी-संकेतनाची निवड) यूटीएफ-८ या युनिकोड-संकेतनाचे असणे ही पहिली अट. ते ओळखले गेले नाही, तर टीमक्स ‘यू’ पर्यायासह सुरू करावा. तेवढ्याने मोजणीतला फरक मात्र मिटत नाही. मराठी नावांच्या फायली पाहताना तावदाने वर-खाली मांडणे बरे. आडव्या रेघेला हा दोष बाधत नाही.