बंदिस्त प्रजाती : पात्ररचनेतील नियम आणि कुरबुरी

पात्ररचनेच्या हौशी समूहांत, एका निर्मात्याने कल्पिलेली आणि त्याच्या परवानगीशिवाय जिच्यातले पात्र कुणालाही काढता येत नाही अशी काल्पनिक जात. व्यवहारात तिला ‘क्लोज्ड स्पीशीज’च म्हणतात; मराठी मुलेही तोच शब्द वापरतात. जिच्यातले पात्र कुणीही काढावे, ती खुली प्रजाती. अर्धी यंत्र, अर्धी प्राणी अशी प्रोटोजेन ही खुली, पण तिच्याच कुळातली प्रायमॅजेन बंदिस्त. २००० साली सुरू झालेल्या डेव्हिअंटआर्ट या चित्रांच्या संकेतस्थळावर ही प्रथा फोफावली आणि २०१५ नंतर तिचा बराचसा कारभार डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर गेला.

अशा प्रजातीतले तयार डिझाइन विकत मिळते, त्याला ‘अ‍ॅडॉप्ट’ म्हणतात. ते ठरलेल्या किमतीला, लिलावात किंवा सोडतीत निघते. ‘एमवायओ’, म्हणजे ‘मेक युअर ओन’, यात नुसता परवाना मिळतो. चित्र आपले आपण काढायचे. कान, शिंगे, शेपटी अशा प्रत्येक वैशिष्ट्याला ‘ट्रेट’ म्हणतात. ट्रेट साधे, दुर्मीळ, अतिदुर्मीळ अशा पायऱ्यांत लावलेले असतात आणि साध्या परवान्यावर दुर्मीळ ट्रेट चालत नाही. काढलेले पात्र मॉडरेटरांनी, म्हणजे समूहाचे नियम सांभाळणाऱ्यांनी, मंजूर केले की ‘मास्टरलिस्ट’ या अधिकृत यादीत त्याची नोंद होते. नोंद नाही, तर पात्र त्या प्रजातीचे नाही.

कुरबुरींची सुरुवात बहुतेक वेळा मंजुरीपासून होते. समजा, परभणीची अकरावीतली एक मुलगी साध्या परवान्यावर पात्र काढते आहे. बीड जिल्ह्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात पाहिलेला मोर डोक्यात असल्यामुळे ती शेपटीला सात पिसे देते. उत्तर येते : पाचपर्यंत साधे, सहाव्यापासून दुर्मीळ. ती दोन पिसे खोडते. दुसऱ्या खेपेला दुसराच मॉडरेटर सांगतो की मानेवरचा निळा रंग ‘चमकणारा’ दिसतो, म्हणजे तोही ट्रेट. रंग कुठपर्यंत निळा आणि कुठून चमकणारा, हे नियमांच्या पानावर नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्या मुलांना आखून दिलेल्या चौकटीत संकल्पचित्र बसवायची सवय असते, त्यामुळे नियमाचा त्यांना मुळात तिटकारा नसतो. मॉडरेटर बदलला की चौकटही बदलते, हे मात्र त्यांना खटकते. मॉडरेटर बहुधा बिनपगारी आणि स्वतःही विद्यार्थीच असतात, हेही इथे सांगायला हवे.

दुसरी तक्रार मालकीची आहे आणि ती जास्त खोल आहे. मास्टरलिस्टला सातबारा म्हटले तर मराठवाड्यात वेगळे समजवावे लागत नाही. फरक इतकाच की हा सगळा सातबारा भोगवटादार वर्ग-२चा, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा आहे. निजामकाळातल्या इनाम आणि मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या) जमिनींबाबत हैदराबाद इनाम व रोख अनुदान निर्मूलन अधिनियम १९५४ साली आला. पुढेही अशा बऱ्याच जमिनी विकायच्या तर परवानगी आणि नजराणा हे लचांड मागे राहिले. कसणारा आपण, नाव आपले, पण खरेदीखत करायचे तर आधी अर्ज. बंदिस्त प्रजातीतही असेच चालते. घेतल्या किमतीपेक्षा जास्तीला पात्र विकायचे नाही. मधल्या काळात पैसे देऊन नवी चित्रे काढून घेतली असतील तरच किंमत वाढवता येते. फुकट मिळालेले पात्र बहुतेक ठिकाणी विकताच येत नाही, फक्त दुसऱ्याला देता येते. या भानगडीवर घरातल्या कुणा काकूचा प्रश्न ठरलेला असतो : “पैसे मोजलेस की, मग परवानगी कशाची मागायलीस?” निर्मात्याशी वाजले आणि नाव ब्लॅकलिस्टवर गेले, तर काही समूहांत पात्राची नोंदच रद्द होते. विकत घेतल्यानंतर बदललेले नियम जुन्या मालकांनाही लावले जातात, तेव्हा सर्वांत जास्त वाजते. वर्ग-२ची जमीन निदान शासनाच्या मर्जीने वर्ग-१, म्हणजे मोकळेपणाने विकता येणारी, होऊ शकते. इथे तशी वाट नाही.

किंमत रोखण्याच्या नियमाची बाजूही आहे. तो नसेल तर दलाल अ‍ॅडॉप्ट घाऊक उचलून चढ्या भावाने विकतात आणि खऱ्या हौशी मुलांच्या हाती काही लागत नाही.

कायद्याने या बंदिस्तपणाला फारसा आधार नाही. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तिच्या विशिष्ट मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली स्पष्ट केले. अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्याचेही तत्त्व तेच. म्हणजे एखाद्याने काढलेले चित्र त्याचे असते, पण ‘तीन शेपट्यांचा, काचेच्या शिंगांचा कोल्हा’ ही कल्पना कुणाची नसते. ‘पैठणी’ या नावाला भौगोलिक निर्देशांक आहे, पण पदरावर मोर विणायला कुणाची आडकाठी नाही. तसेच हे. शिवाय भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी लागते. चॅटमधल्या ‘आता हे तुझे’ने फार काही हातात येत नाही. आणि अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार भारतात मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने तो मुद्दा १९०३ साली मोहरीबीबी खटल्यात निकालात काढला. तरीही नियम पाळले जातात, कारण शिक्षा न्यायालय देत नाही, ओळखीची माणसे देतात.

मराठवाड्यातून खेळणाऱ्याला वेळेचा आणि पैशाचा जाच वेगळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला विक्री उघडली, तर लातुरात पहाटेचे साडेतीन झालेले असतात, आणि चांगली डिझाइन पहिल्या मिनिटात जातात. मागणी डॉलरमध्ये, पेपॅलवर. पेपॅलने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१पासून बंद केले, त्यामुळे दोन भारतीय मुलांना आपसात पात्र विकायचे तर यूपीआय; परदेशी निर्मात्याला पैसे पाठवायचे तर घरातल्या मोठ्यांचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेले कार्ड. पन्नास डॉलरचा हिशेब रुपयांत चार हजारांवर जातो आणि हा आकडा वडिलांना सांगताना ‘चित्र’ हा शब्द पुरत नाही.

वैतागलेले लोक तीन-चार गोष्टी करतात. कुणी खुल्या प्रजातीकडे वळतो, कुणी स्वतःची प्रजाती काढतो आणि वर्षभरात तीही बंदिस्त करून बसतो. बरेच जण पात्र सोडत नाहीत, प्रजाती सोडतात. मोबाइलवर आयबिस पेंट हे चित्रांचे अ‍ॅप उघडायचे, पात्राची जुनी फाइल घ्यायची, काचेची शिंगे खोडायची, तीनपैकी दोन शेपट्या पुसायच्या. नाव, रंग, डाव्या कानावरचा डाग तसाच ठेवायचा. आता तो नुसता कोल्हा असतो.