खाऱ्या पाण्यातले अर्थिंग

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या बहुतेक गृहसंकुलांच्या मीटर-खोलीजवळ अर्थिंगचा खड्डा असतो. त्यात तांब्याची पट्टी किंवा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप पुरलेला असतो, भोवती कोळसा आणि मीठ भरलेले असते आणि उन्हाळ्यात माती सुकली की त्यात पाणी ओतावे लागते, कारण कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. बेलापूरजवळ दिवाळ्याच्या खाडीत नांगरलेल्या शिडाच्या होडीला हा खटाटोप करावा लागत नाही. समुद्राच्या पाण्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, सुमारे ०.२ ओहम-मीटर इतकीच असते आणि चांगल्या ओल्या मातीची ती याच्या कितीतरी पट भरते; म्हणजे होडीखाली कधीही न सुकणारा अर्थ आयताच पसरलेला आहे. अडचण अशी की हे पाणी विद्युतघटातले द्रावणही आहे. त्यात दोन वेगळे धातू बुडवून त्यांना वर तारेने जोडले की घट चालू होतो आणि त्यातला एक धातू झिजू लागतो. त्यामुळे जमिनीवर जी तार केवळ जीव वाचवते, तीच होडीवर धातू खाऊ शकते. जुन्या होडीची वायरिंग तपासताना प्रत्येक तारेकडे या दोन्ही नजरांनी पाहावे लागते.

चाळीस-पन्नास वर्षांच्या होडीवर अर्थची तार म्हणून जे काही सापडते, ते चार निरनिराळी कामे करत असते. पहिले काम बॅटरीच्या विजेला परतीची वाट देण्याचे. स्टार्टर आणि अल्टरनेटर यांचा ऋण भाग बहुतेक इंजिनांत थेट ब्लॉकला जोडलेला असतो, ब्लॉकला शाफ्ट जोडलेला असतो आणि शाफ्टच्या टोकाला पाण्यात पंखा असतो. तेव्हा कोणी मुद्दाम जोडणी केलेली नसली तरी बारा व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक समुद्रात पोहोचलेले असते. दुसरे काम धक्क्यावरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या विजेपासून माणसाला वाचवण्याचे. तिसरे काम बाँडिंगचे, म्हणजे तळातून पाणी आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, शाफ्ट, सुकाणूचा दांडा असे पाण्यातले धातू एकमेकांना जोडून त्यांचे विभव, म्हणजे विजेची पातळी, सारखे ठेवण्याचे. चौथे काम डोलकाठीवर पडलेल्या विजेला पाण्यापर्यंत नेण्याचे. होडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वायरमनने आपापल्या समजुतीप्रमाणे तारा वाढवलेल्या असतात, आणि शेवटी कोणती तार कोणत्या कामाची हे कोणालाच सांगता येत नाही.

झीज कशी होते ते आकड्यांवरून लवकर कळते. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत इतर धातूंचे विभव मोजतात) पाण्यात सोडून मोजले, तर जस्ताचे विभव उणे १.०३ व्होल्टच्या आसपास येते, साध्या पोलादाचे उणे ०.६ च्या आसपास, कांस्याच्या व्हॉल्व्हचे उणे ०.२५ ते ०.३ आणि ३१६ जातीच्या चांगल्या स्थितीतल्या स्टेनलेसचे शून्याच्या थोडे खाली. दोन धातू तारेने जोडले की ज्याचे विभव अधिक ऋण, तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. शाफ्टवर जस्ताचा ठोकळा बसवतात तो याच हिशेबाने: जस्ताने झिजावे आणि महागड्या पंख्याने टिकावे. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला, तर एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिल्यास सुमारे १०.७ किलो जस्त, १०.४ किलो तांबे किंवा ९.१ किलो लोखंड विरघळते. होडीवरचे नैसर्गिक घट सहसा मिलिअँपिअरमध्येच चालतात, म्हणून ठोकळा काही महिने पुरतो.

ही विद्या नवी नाही. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे मढवले आणि पुढच्या तपासणीत त्या पत्र्यांना भिडलेले लोखंडी खिळे खाल्ले गेल्याचे आढळले. जिथे पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये गुंडाळणीचा तपकिरी कागद शाबूत राहिला होता, तिथले खिळे धड होते. पुढे १८२४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने उलटा विचार केला. तांबेच झिजत असेल, तर त्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडून त्याचे रक्षण करावे, असे त्याने सुचवले आणि कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजावर तो प्रयोग झाला. तांबे वाचले, पण तळाला शेवाळ आणि शिंपले भरपूर चढले, कारण त्यांना दूर ठेवणारे विष तांब्याच्या विरघळण्यातूनच येत होते. नौदलाने ती कल्पना सोडून दिली. धातूचे अतिरक्षण फुकट पडत नाही हा धडा तिथे मिळाला होता आणि लाकडी होडीच्या बाबतीत तो अधिक कडू आहे. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

जस्ताच्या संथ झिजेपेक्षा फार धोकादायक असतो तो भटका प्रवाह. होडीच्या तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची धन तार त्याच पाण्यात पडलेली असते आणि तिच्या जोडावरची टेप कधीतरी सुटते. मग बारा व्होल्टचा प्रवाह तारेतून तळाच्या पाण्यात, पाण्यातून जवळच्या कांस्याच्या व्हॉल्व्हमध्ये, व्हॉल्व्हमधून बाहेर समुद्रात आणि समुद्रातून पंख्याच्या वाटेने बॅटरीच्या ऋण टोकाकडे जातो. धातूतून प्रवाह जिथे पाण्यात बाहेर पडतो, तिथेच धातू विरघळतो. अर्धा अँपिअर गळती महिनाभर चालली, तर चारशे ग्रॅमहून अधिक तांबे जाऊ शकते, आणि एका व्हॉल्व्हमध्ये तेवढे गेल्यावर शिल्लक काय राहणार? पूर्वी अशा गळतीने बॅटरी बसायची आणि मालकाला निदान शंका तरी यायची. आता छतावर सौर पॅनेल असते, ते बॅटरी रोज भरून काढते आणि गळती बिनबोभाट चालू राहते. जुन्या होडीवर सौर पॅनेल बसवण्याआधी पंपाचे जोड पाण्याच्या पातळीच्या वर आणावेत, ही माझ्या मते पहिली अट असावी.

बाँडिंगच्या बाजूचा सबळ मुद्दा इथेच येतो. तो व्हॉल्व्ह जाड तारेने ऋण टोकाला जोडलेला असेल, तर गळलेला प्रवाह समुद्राची वाट न धरता तारेतून परत जातो आणि व्हॉल्व्ह वाचतो. विरुद्ध बाजूचा मुद्दाही खोटा नाही. शेजारच्या होडीमुळे किंवा धक्क्यामुळे बाहेरच्या पाण्यातच विभवाचा उतार निर्माण झाला असेल, तर नाळेजवळचा आणि सुकाणूजवळचा असे दोन व्हॉल्व्ह तारेने जोडणे म्हणजे त्या प्रवाहाला आडवाट काढून देणे होय. एका टोकाने तो आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडताना तिथला धातू घेऊन जातो. त्यामुळे सगळे जोडा म्हणणारे आणि काहीच जोडू नका म्हणणारे असे दोन पक्ष जगभर आहेत. फायबरच्या होडीवर मी पहिल्या पक्षाकडे झुकतो, मात्र तारा आणि जोड खरोखर चांगले असतील तरच.

लाकडी होडीवर मात्र माझे मत बदलते. कांस्याचा व्हॉल्व्ह ओल्या, खारट फळीत बसलेला असतो आणि तारेने जस्ताला जोडलेला असतो. जस्त झिजते तेव्हा इलेक्ट्रॉन तारेतून व्हॉल्व्हकडे येतात आणि तिथे पाणी व त्यात विरघळलेला ऑक्सिजन यांच्यापासून हायड्रॉक्साइड तयार होते. हा अल्कली आहे, आणि कागदाच्या गिरणीत लाकडाचा लगदा करण्यासाठी अल्कलीच वापरतात. व्हॉल्व्हच्या कडेने फळीवर आधी पांढरी, बुळबुळीत पापडी दिसते. मालक ती मीठ समजून पुसतो. पुढे तिथले लाकूड मऊ होते, पेचकस टेकवला तरी आत जातो आणि तंतू दोऱ्यासारखे सुटे होतात. व्हॉल्व्ह नव्यासारखा चकचकीत असतो आणि त्याला धरून ठेवणारी फळी गेलेली असते. जस्त जितके जास्त, तितका हा परिणाम जलद. म्हणून लाकडी होडीवर चांगल्या कांस्याचे व्हॉल्व्ह बिनतारेचे ठेवावेत आणि जस्त फक्त शाफ्ट व पंख्यापुरते ठेवावे, असे मला वाटते.

कांस्य चांगले आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या होड्यांवर मधल्या काळात कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, खाऱ्या पाण्यात ते जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो, ज्याचा आकार जसाच्या तसा असतो. चाकूने खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला, तर बाँडिंगची चर्चा बाजूला ठेवून तो व्हॉल्व्ह आधी बदलावा.

आता २३० व्होल्टची बाजू. धक्क्यावरून तीन पिनांची जोडणी घेतली की तिसऱ्या तारेमुळे तुमचा पंखा, शेजारच्या होडीचे पोलाद आणि धक्क्याचे लोखंडी खांब एकाच घटात येतात. तुमच्या जस्ताने शेजाऱ्याचे पोलाद राखायला सुरुवात केली की ठोकळे भराभर संपतात, आणि मग कोणीतरी युक्ती सुचवतो की अर्थची तार काढून टाका. ही युक्ती जीवघेणी आहे. चार्जरचे आतले इन्सुलेशन फुटले, तर २३० व्होल्ट त्याच्या आवरणावर किंवा थेट बारा व्होल्टच्या बाजूला येतात आणि इंजिन, नळ, दिव्याची कडी असे सगळेच जिवंत होते. परतीची चांगली वाट नसल्याने एमसीबी पडत नाही. याच कारणासाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक होडीवर एका ठिकाणी जोडायला सांगितले आहे. न्यूट्रल आणि अर्थ मात्र होडीवर जोडायचे नाहीत. ते काम विजेच्या उगमाशी होते, नाहीतर नेहमीचा प्रवाहही अर्थच्या तारेतून आणि पाण्यातून वाहू लागतो.

जस्त वाचवण्यासाठी वेगळा उपाय आहे. अर्थच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात, त्यात दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड एकापुढे एक जोडलेले असतात. ते सुमारे १.२ व्होल्टपर्यंत काहीच वाहू देत नाहीत, आणि जस्त व स्टेनलेस यांच्यातला फरक जेमतेम एक व्होल्टचा असल्यामुळे घट तिथेच अडतो. २३० व्होल्टचा दोष आला तर मात्र डायोड उघडतात आणि प्रवाह निघून जातो. धक्क्याच्या आणि होडीच्या तारांचा थेट संबंधच तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर याहून उत्तम, पण तो जड आणि महाग पडतो. या दोन्हींच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवा, आणि तो धक्क्यावरच्या बाजूलाही हवा. खाऱ्या पाण्यात विजेला माणसाच्या शरीरापेक्षा पाण्यातून जाणे सोपे जाते. गोड्या पाण्यात ते उलटे होते आणि पोहणाऱ्याचे स्नायू आखडून तो बुडू शकतो. पावसाळ्यात ठाण्याच्या खाडीतला खारटपणा बराच उतरतो, तेव्हा समुद्रातली होडी म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

खाडीचा हा बदलता खारटपणा ठोकळ्यांनाही लागू आहे. निमखाऱ्या पाण्यात जस्तावर घट्ट थर चढतो आणि ते काम करेनासे होते. तिथे ॲनोडसाठी बनवलेली ॲल्युमिनियमची मिश्रधातू बरी चालते. पावसाळ्यानंतर जस्ताचा ठोकळा अगदी न झिजता राहिलेला दिसला, तर आनंद मानण्याऐवजी तो घासून पाहावा. चिखलाचाही हिशेब धरायला हवा. मोठ्या उधाणाला इथे पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढउतरते आणि ओहोटीला कित्येक होड्या गाळात टेकतात. स्टेनलेसवरचा रक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. गाळात तो जवळजवळ नसतो, आणि मग शून्याजवळ असलेले त्याचे विभव उणे ०.४ ते ०.५ पर्यंत घसरून शाफ्टला खोल छिद्रे पडतात.

आकाशातल्या विजेबद्दल थोडक्यात. डोलकाठीपासून पाण्यापर्यंतची तार जाड आणि शक्य तितकी सरळ हवी. दहा हजार अँपिअरांनी मोजायचा प्रवाह काटकोनात वळत नाही, तो उडी मारून जवळच्या धातूत शिरतो. खाऱ्या पाण्यात सुमारे एक चौरस फूट उघडा धातू पुरतो. व्हॉल्व्हना जोडणाऱ्या बारीक तारांवर हे काम सोपवू नये.

तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. मल्टिमीटर आणि संदर्भ इलेक्ट्रोड पुरेसे असतात. इलेक्ट्रोड पाण्यात सोडून आधी जस्त वेगळे केलेल्या अवस्थेत पाण्यातल्या धातूंचे विभव मोजावे, मग जस्त जोडून पुन्हा मोजावे. जोडल्यावर ते सुमारे २०० मिलिव्होल्टने अधिक ऋण झाले तर रक्षण पुरेसे आहे, आणि लाकडी होडीवर त्याहून फार पुढे जाऊ देऊ नये. मग पंप, दिवे, रेडिओ एकेक करून चालू-बंद करावेत. एखाद्या बटणासरशी आकडा सरकला, तर गळती त्याच तारेत आहे. बाँडिंगच्या प्रत्येक जोडाचा रोध एक ओहमच्या आत हवा. जुन्या तारेचे आवरण सोलल्यावर तांबे काळे पडलेले दिसले, तर तारेच्या टोकाचा नुसता लग बदलून भागत नाही, कथिलाचा मुलामा दिलेली नवी तार ओढावी लागते. अलीकडे बरेच मालक कांस्याऐवजी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे व्हॉल्व्ह बसवतात आणि त्यांना बाँडिंगची गरजच उरत नाही. मात्र त्या जागची जुनी तार कापून टोक तळात लोंबकळत ठेवू नये. ते उघडे तांबे ऋण टोकाला जोडलेलेच राहते आणि तळाच्या पाण्यात नवी वाट उघडते, म्हणून ती तार दुसऱ्या टोकापासून सोडवून पूर्ण बाहेर काढावी.