इतिहास आणि तत्त्वज्ञान: बर्लिनमधल्या एका भांडणाची पार्श्वभूमी

काव्य इतिहासापेक्षा अधिक तात्त्विक असते, असा शेरा ॲरिस्टॉटलने मारून ठेवला होता. काय घडू शकते हे काव्य सांगते, इतिहास मात्र जे घडले त्यातच अडकून पडतो, हे त्याचे कारण. ही उतरंड बरीच शतके टिकली. माणसाने जे घडवले तेच त्याला नीट कळू शकते, असे इटालियन विचारवंत व्हिकोने १७२५ मध्ये मांडले खरे, पण त्याच्या हयातीत त्याला फारसे कुणी विचारले नाही.

इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या भांडणाची ठिणगी पडली ती बर्लिन विद्यापीठात. १८२२-२३ च्या हिवाळ्यात जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने तिथे जगाच्या इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर व्याख्याने सुरू केली. त्याच्या मते इतिहास म्हणजे स्वातंत्र्याच्या जाणिवेची वाटचाल: पूर्वेकडे एकटा राजा स्वतंत्र, ग्रीस-रोममध्ये काहीजण, जर्मन जगात सगळे. वक्ता कुठे उभा होता हे पाहिले की हा क्रम किती सोयीचा होता ते कळते! भारतीयांना तर इतिहासलेखनच नाही, असे म्हणून तो मोकळा झाला.

१८२५ मध्ये इतिहासकार रांके त्याच विद्यापीठात आला. भूतकाळाचा निवाडा करणे, पुढच्यांना उपदेश करणे हे आपले काम नव्हे, प्रत्यक्षात काय घडले तेवढेच दाखवायचे, असे त्याने आदल्याच वर्षी एका प्रस्तावनेत लिहिले होते. बर्लिनच्या ग्रंथालयात व्हेनिसच्या राजदूतांच्या अहवालांची हस्तलिखिते त्याच्या हाती लागली आणि १८२७ पासून तो व्हिएन्ना, व्हेनिस, रोम इथली दप्तरे धुंडाळत हिंडला. हेगेलला प्रशियाच्या विज्ञान अकादमीची दारे शेवटपर्यंत बंद राहिली. तो १८३१ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी रांके तिचा सभासद झाला.

म्हणून रांके तत्त्वज्ञानातून सुटला असे मात्र नाही. प्रत्येक युगाचे ईश्वराशी थेट नाते असते, ते पुढच्या युगाची नुसती पायरी नसते, असे त्याने १८५४ मध्ये बव्हेरियाच्या राजाला सांगितले. ही गोष्ट कुठल्या दप्तरात सापडली असेल?

आपल्याकडे तत्त्वज्ञान आणि कागदपत्रे हे दोन्ही ओढे एकाच माणसात होते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 'भाषांतर' मासिकातून प्लेटो मराठीत आणला. फ्रेंच तत्त्वज्ञ कॉम्तच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. आणि हाच माणूस जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करत होता. १७५० ते १७६१ या काळातली पत्रे घेऊन 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. असे २२ खंड झाले. त्यांतली पत्रे अभ्यासक आजही वापरतात. प्रस्तावनांतल्या सिद्धान्तांवर मात्र तेव्हाही खडाजंगी होती आणि आजही आहे.