शॉकअप (जुन्या ट्रकचे) : निदान आणि बदल

शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, ट्रकची चेसी (खालचा सांगाडा) आणि ॲक्सल (चाकांचा दांडा) यांच्यामधे बसवलेलं तेल भरलेलं नळकांडं. 'अप' म्हणजे वर असा अर्थ काढण्यापेक्षा बोलताबोलता 'ॲब'चं 'अप' झालं हेच जास्त पटतं. मूळ नावच थोडं फसवं आहे, कारण खड्ड्याचा दणका सोसतात ते पाटे (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि लोडही पाट्यांवरच असतो, शॉकअपचं काम फक्त दणका बसल्यावर पाटे जे हेलकावे खात राहतात ते थांबवायचं. पिस्टन बारीक भोकांतून तेल ढकलतो, त्यात हेलकाव्याची ताकद उष्णता होऊन जाते.

याचा शोध कोणी लावला यावर एकमत नाही. बरेच जण फ्रान्सच्या जे. एम. एम. त्रुफो यांचं नाव घेतात, साधारण 1900 च्या आसपास त्यांनी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचं साधन केलं आणि एडवर्ड हार्टफर्ड यांनी ते अमेरिकेत विकायला आणलं. पण त्यात तेल दाबून काम होत नव्हतं, सगळं घर्षणावर, त्यामुळे आजच्या शॉकअपचा पूर्वज म्हणायचा तर मोरीस हूडाय यांचं 1908 च्या सुमाराचं तेलावरचं साधन जास्त जवळचं वाटतं, जरी तेही फिरत्या पात्याचं होतं, आजच्यासारखं सरळ नळीचं नाही. नळीत दाबाखाली गॅस भरायची पद्धत पुढे बुर्सिए द कार्बों यांनी 1950 च्या दशकात रुळवली.

पुण्यात हा विषय घरचाच. टाटा 407 ही 1986 पासून इथे बनत आली, गेब्रिएल इंडियाचा शॉकअपचा कारखाना चाकणला आहे, सुटे पार्ट नाना पेठेत मिळतात आणि निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गॅरेजं आहेत.

गेलेला शॉकअप ओळखताना कारसारखं बोनेट दाबून बघण्यात अर्थ नाही, ट्रकचे पाटे इतके कडक असतात की माणसाच्या वजनाने हलतच नाहीत, शिवाय पाटे एकमेकांवर घासतात त्यानेही हेलकावा थोडा मरतो आणि खराबी झाकली जाते. त्यापेक्षा खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा, कात्रजकडून आलात तरी चालेल, आणि लगेच एकेका शॉकअपला हात लावा (सायलेन्सरचा पाइप सांभाळून). कोमट लागला तर तो काम करतोय, जोडीदार कोमट आणि हा थंडगार असेल तर त्याच्यात जीव नाही. नळीवर तेलाचा पुसट ओलसरपणा चालतो, पण ओघळ येऊन त्यावर धुळीचा चिखल बसला असेल तर सील गेलं. टायरवरून तळहात फिरवा, थोड्याथोड्या अंतरावर खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतंय, आणि असं चाक ब्रेकही नीट धरत नाही, म्हणून ड्रायव्हरने 'अजून चालतंय' म्हणत हे पुढे ढकलू नये. फक्त खडखड येत असेल तर आधी रबर बुश (शॉकअपच्या दोन्ही टोकांना बोल्टभोवतीचे रबर) बघा, पुष्कळदा शॉकअप चांगला आणि बुश फाटलेले असतात.

बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही एकदम. सपाट जागा, चाकांना दगड, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी (जॅक स्टँड) न लावता कोणी जाऊ नये. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं की बोल्ट तुटत नाहीत. नवा शॉकअप उघडा आणि मिटलेला, दोन्ही लांबीत जुन्याशी जुळवून घ्यावा. साधा तेलाचा असेल तर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून दाबायचा, आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा वर निघते, नाहीतर पहिल्या काही हेलकाव्यांना तो पोकळ जातो. आडवे बोल्ट असतील तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवल्यावरच, हवेत असताना आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. काढलेला शॉकअप गॅसचा असेल तर त्याला गॅस कटर लावू नये, आत दाब असतो.