व्हिडिओ गेम आणि मुले

पडद्यावरची चित्रे बटणांनी, दांडीने किंवा बोटाच्या स्पर्शाने हलवत खेळायच्या इलेक्ट्रॉनिक खेळांना व्हिडिओ गेम म्हणतात. मराठीत त्याला स्वतंत्र शब्द रुळला नाही. मात्र मुलांच्या बोलण्यात 'गेम' आणि 'खेळ' यांची वाटणी झालेली दिसते : 'खेळायला जातो' म्हणजे मैदानावर आणि 'गेम खेळतो' म्हणजे पडद्यासमोर. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील आणि एकूण भारतातील मुलांचा विचार केला आहे.

प्रसार : 'पाँग' (१९७२), 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) आणि 'पॅक-मॅन' (१९८०) या गेमनी अमेरिका व जपानमधील मुलांना वेड लावले, तेव्हा भारतात घरोघरी दूरदर्शन संचही नव्हते. इथल्या मुलांना गेम भेटले ते साधारण १९९०नंतर आणि दोन वाटांनी. एक वाट पार्लरची. एसटी स्टँडजवळच्या गाळ्यात किंवा जत्रेत उभ्या पेटाऱ्यासारखी यंत्रे असत आणि नाणे किंवा टोकन टाकले की डाव सुरू होई. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) इथे कोणी त्या नावाने ओळखला नाही. त्यातल्या एका पात्राच्या नावावरून तो सगळीकडे 'मुस्तफा' झाला.

दुसरी वाट टीव्हीला जोडायच्या यंत्राची. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला भारतीय बाजारात आल्या. त्यात घालायच्या पट्टीला सगळे 'कॅसेट' म्हणत. ती चालेनाशी झाली की काढून फुंकर मारायची, हा उपाय कोणी न शिकवता सर्वत्र पोहोचला. 'इतके हजार इन वन' असे छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात दहा-बारा गेमच नावे बदलून भरलेले असत. 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' त्यात असले म्हणजे पैसे वसूल. बदके मारायची बंदूक मात्र खरोखर हुशारीने बनवलेली होती. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन टिपे. जुन्या काचनळीच्या टीव्हीवरच ती चाले.

पुढे सायबर कॅफेत तासाच्या दराने 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'व्हाइस सिटी' आले. वडिलांच्या नोकियावरचा साप आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये आलेल्या 'पब्जी मोबाइल'ने त्याचा पुरेपूर फायदा उठवला. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, खेळायचे वर्तुळ आक्रसत जाते आणि शेवटी उरेल त्याला 'चिकन डिनर', म्हणजे पडद्यावर झळकणारा विजयाचा संदेश. साध्या फोनवर चालणारा 'फ्री फायर' त्याहून खाली, खेड्यांपर्यंत झिरपला. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर आली, तेव्हा मुलाच्या हातातून फोन काढून घ्यायचे कारणही घरच्यांपाशी उरले नाही.

डाव कोण संपवतो : या प्रवासात चित्रे सुधारली हा बदल सर्वांना दिसतो. त्याहून महत्त्वाचा बदल डावाच्या शेवटाचा आहे. विटीदांडू किंवा लगोरीचा खेळ अंधार पडला की थांबे. पार्लरमध्ये खिशातली नाणी संपत. टीव्हीवरचा गेम बातम्यांची वेळ झाली की बंद होई, आणि सायबर कॅफेवाला तास भरताच हाक मारी. खेळाबाहेरचे कोणीतरी खेळ थांबवत असे. फोनवरच्या फुकट गेममध्ये असा कोणी उरलेला नाही. कंपनीला नाणे आधी मिळत नाही, त्यामुळे मूल लवकर हरून उठावे यात तिचा काही फायदा नसतो. ते पुन्हा पुन्हा परत यावे, यात असतो. रोज उघडल्याबद्दल बक्षीस, ठरावीक आठवड्यांनी नव्याने सुरू होणारे हंगाम, घसरणारी क्रमवारी, मित्रांची निमंत्रणे ही सगळी योजना त्यासाठीच असते. कधी काय मिळेल हे ठाऊक नसलेले बक्षीस हमखास मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा चिवट सवय लावते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून फार आधी दाखवले होते. बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघते ते पाहायचे, ही गेममधली विक्री त्याच तत्त्वावर चालते. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले.

जेवणाच्या वेळी घरात होणारे भांडणही यातूनच समजते. मैदानात 'टाइम प्लीज' म्हणून अंगठा वर केला की राज्य घेणारासुद्धा थांबतो. ऑनलाइन लढतीत टाइम प्लीज नाही. मध्येच उठले तर संघातले तिघे अडचणीत येतात आणि स्वतःची क्रमवारी घसरते. 'पाच मिनिटं, आई' हे उत्तर टाळाटाळ वाटते, पण बऱ्याचदा ते अक्षरशः खरे असते. लढत संपायची वाट पाहून फोन मागणाऱ्या घरात आरडाओरडा कमी होतो, एवढे निरीक्षण कोणालाही करून पाहता येईल.

परिणाम : गेम खेळताना मेंदूच्या स्ट्रायटम भागात डोपामाइन हे रसायन स्रवते, हे लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवले. ते प्रौढ पुरुषांवरचे छोटे निरीक्षण होते. 'गेम म्हणजे अफू' हा त्यावरून काढलेला निष्कर्ष संशोधकांचा नाही. आवडीच्या कोणत्याही गोष्टीत डोपामाइनचा भाग असतो.

अभ्यासावरील परिणामाबद्दलचा एक प्रयोग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत ६ ते ९ वर्षांच्या, घरी गेमयंत्र नसलेल्या ६४ मुलग्यांपैकी काहींना ते लगेच दिले आणि बाकीच्यांना चार महिन्यांनी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लगेच यंत्र मिळालेल्यांचे वाचन-लेखनाचे गुण मागे पडले. गेमने बुद्धी मंदावली असे त्यातून निघत नाही. शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासाचा वेळ गेममध्ये गेला, एवढे साधे स्पष्टीकरण पुरते. डोळ्यांचेही तसेच. लहान वयात लागणाऱ्या चष्म्याचा संबंध जवळ पाहण्याइतकाच उन्हात घालवलेल्या वेळेशी आहे. घराबाहेर अधिक वावरणाऱ्या मुलांत ऱ्हस्वदृष्टी (दूरचे अंधुक दिसणे) कमी आढळते. झोप आणि मैदान यांच्या वाट्याचे किती तास गेले, यावर बरेचसे अवलंबून आहे. अंगठ्याच्या दुखण्याला तर १९९० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात 'निन्टेन्डिनायटिस' असे नाव मिळाले होते.

फायद्यांबाबत पुरावा आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा व्यापक नाही. वेगवान गेम खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान तीक्ष्ण असते, असे ग्रीन व बाव्हेलिये या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्या शल्यचिकित्सकांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या, असे २००७ च्या एका अभ्यासात आढळले. त्यावरून 'माझा मुलगा गेम खेळतो, डॉक्टर होईल' असे म्हणणे मात्र आततायीपणाचे. 'माइनक्राफ्ट'सारख्या, ठोकळे रचून काहीतरी उभारायच्या गेमला खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या रांगेत बसवणे अधिक रास्त.

हिंसेचा मुद्दा सर्वांत गाजलेला. 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेमवरून अमेरिकन सिनेटमध्ये १९९३ मध्ये सुनावणी झाली आणि १९९४ पासून तिथे गेमवर वयोगटाचे शिक्के येऊ लागले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हिंसक गेम आणि मुलांचे आक्रमक वागणे यांचा संबंध आढळला नाही. आक्रमकतेशी थोडासा संबंध दिसतो असे मानणारे अभ्यासकही आहेत. प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर मात्र गेमवर फोडता येत नाही, असे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

घबराट कशी पसरते याचे उदाहरण म्हणजे २०१७ मधील 'ब्लू व्हेल'. मुलांच्या आत्महत्यांशी जोडला गेलेला हा 'गेम' कोणाच्याही फोनमध्ये सापडण्याजोगा नव्हता, कारण तो गेम म्हणून अस्तित्वातच नव्हता. ती आव्हानांची एक अफवावजा साखळी होती. चौकशीत एकाही घटनेत तिचा सहभाग सिद्ध झाला नाही, असे केंद्र सरकारने नंतर संसदेत सांगितले.

व्यसन : जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारण बारा महिने टिकले तरच हे निदान होते. रोज तीन तास खेळणारे प्रत्येक मूल त्यात बसत नाही. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा विकार होतो आणि त्यांच्यात नैराश्य, चिंता किंवा अवधानाचा दोष आधीपासून असण्याची शक्यता बरीच असते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी 'शट' नावाचे स्वतंत्र केंद्र चालते.

नियमन : दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते पहाटे सहा ऑनलाइन गेमची बंदी केली आणि दहा वर्षांनी ती मागे घेतली. चीनने सप्टेंबर २०२१ पासून अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मुभा ठेवली. भारतात 'पब्जी' आणि 'फ्री फायर'वर केंद्र सरकारने घातलेल्या बंद्यांना मुलांची काळजी हे कारण नव्हते. २ सप्टेंबर २०२० रोजी एकूण ११८ अॅपपैकी एक म्हणून 'पब्जी मोबाइल' आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' सुरक्षेच्या कारणावरून बंद झाले. मुले काही दिवसांत दुसऱ्या गेमकडे वळली. 'पब्जी' जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' (बीजीएमआय) नावाने परतला, वर्षभराने पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या संघटित स्पर्धांना, मान्यता दिली.

२०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. अनेक गेम मात्र आजवर फक्त जन्मवर्ष विचारत आले आहेत. दहा वर्षांचे मूल तिथे बोटाने यादी खाली सरकवते आणि वडिलांचे वर्ष निवडते.