औषधाची खरी परीक्षा बाजारात

पाळीत पोट दुखलं की आपल्याकडे जी गोळी घेतात, तिच्यात अनेकदा मेफेनॅमिक ॲसिड असतं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने या औषधाबद्दल सूचना काढली: क्वचित कुणाला त्यामुळे ‘ड्रेस’ नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते, डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावं. त्यावर सांगलीत दोन गोष्टी कानावर आल्या. ‘गोळीवर बंदी आली’ ही एक, आणि ‘मग इतकी वर्षं कुणी तपासलंच नव्हतं का?’ ही दुसरी. बंदी आली नव्हती. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे.

नवं औषध विक्रीला येण्याआधी साधारण काही हजार लोकांवर तपासलं जातं. समजा, ३,००० जणांना दिलं आणि अमुक एक त्रास कुणालाच झाला नाही. तरी तो होतच नाही, असं म्हणता येत नाही. दर १०,००० माणसांत एकाला होणारा त्रास ३,००० जणांत एकदाही न दिसण्याची शक्यता ७४ टक्के निघते. तो निदान एकदा दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ३०,००० माणसं लागतात. म्हणजे १०,००० च्या तिप्पट; संख्याशास्त्रात याला तीनचा नियम म्हणतात. ०.०५ चा, म्हणजे उरलेल्या ५ टक्क्यांचा, नैसर्गिक लॉगॅरिदम जवळपास उणे ३ येतो, त्यातून हा तीन आला.

सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २८ लाखांच्या वर होती. त्यातल्या एक लाख लोकांनी असं औषध घेतलं, तर साधारण दहा जणांना त्रास होईल. पण एक जण मिरजेत दाखवतो, एक विट्याला, एक जतला. प्रत्येक डॉक्टरसमोर एकच रुग्ण असतो. ड्रेसमध्ये ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी, कधी यकृताला इजा असं सगळं येतं, आणि तेही बहुधा औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी. मिरजेहून औषध घेऊन गेलेला माणूस तोवर गावी असतो आणि तिथल्या डॉक्टरांना आधीची गोळी माहीतही नसते.

म्हणून या विखुरलेल्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. भारतात यासाठीचा सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालतो. त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे, आणि जगभरच्या नोंदी स्वीडनमधल्या उप्सालाला जमतात.

आता यातला सगळ्यात सुंदर भाग. औषध नेमकं किती लोकांनी घेतलं, हे या नोंदींवरून कळत नाही. झालेल्या त्रासांपैकी किती कळवले गेले, तेही कळत नाही. तरीसुद्धा उत्तराचा माग लागतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ. ‘क’ या औषधाच्या २०० नोंदी आल्या, त्यांतल्या २० त्वचेच्या, म्हणजे १० टक्के. बाकी सर्व औषधांच्या ५०,००० नोंदींत त्वचेच्या ५००, म्हणजे १ टक्का. दहाला एकाने भागलं की गुणोत्तर १० येतं. गुणोत्तर किमान २, रुग्ण किमान ३ आणि काय-वर्ग (chi-square) चाचणीची, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे जोखणाऱ्या चाचणीची, किंमत किमान ४ असेल, तर तो संकेत मानायची रूढ पद्धत आहे. ‘क’बद्दल लोकांनी कळवायचा आळस केला, पण त्वचेच्या आणि इतर नोंदी सारख्याच प्रमाणात घटल्या, तर गुणोत्तर जागेवर राहतं! अर्थात, दुसऱ्याच एखाद्या औषधाने त्वचेच्या नोंदींचा पूर आणून तो १ टक्का ८ वर नेला, तर ‘क’चं गुणोत्तर सव्वावर घसरतं आणि संकेत झाकला जातो. मग ते औषध वगळून गणित पुन्हा मांडतात. संकेत म्हणजे पुरावाही नव्हे. पुढे तज्ज्ञ एकेक नोंद वाचतात: त्रास किती दिवसांनी आला, गोळी थांबवल्यावर गेला का, दुसरं काही कारण होतं का.

आपल्याकडे मात्र अंगावर पुरळ उठलं की ‘औषध उष्ण पडलं’ म्हणून सब्जा आणि गुलकंद देतात, आणि ती नोंद कायमची हरवते. झाडपाल्याच्या औषधांना दुष्परिणाम नसतात, हाही असाच घातक समज आहे. आयुष औषधांसाठीसुद्धा अशा नोंदींची वेगळी व्यवस्था सरकारने केली आहे, ती उगीच नव्हे.

नोंदींमुळे जुनं औषध वापरण्याची रीत सुधारते. फिट्सवरच्या कार्बामॅझेपिनने काहींची कातडी भाजल्यासारखी सोलवटते. तैवानमध्ये २००४ साली असे ४४ रुग्ण तपासले, तर ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी*१५:०२ हे एकच जनुकरूप सापडलं. पुढे तिथे ४,८७७ जणांची आधी रक्ततपासणी केली, ते जनुकरूप असलेल्यांना दुसरं औषध दिलं, आणि हा आजार त्यांच्यात एकालाही झाला नाही.

आपल्याकडे त्रास कळवायचा फॉर्म मराठीतही आहे आणि १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे. दोष औषधाचाच आहे, हे सिद्ध करून द्यावं लागत नाही. डॉक्टर भरतात त्या फॉर्मवर बॅच नंबरही विचारतात. मेडिकलमध्ये चार गोळ्या कात्रीने कापून देतात, तेव्हा नंबर छापलेलं टोक बरेचदा दुकानातच राहतं. पण पक्क्या बिलावर तो असतो, म्हणून बिल मागून घ्या आणि औषध संपल्यावरही दोन महिने जपून ठेवा.