हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?

पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा थेंब पडला की आपण घाईघाईने त्यावर साबण घासतो आणि डाग जाण्याऐवजी एकदम तांबडा होतो. साबणात काही भेसळ असावी अशी शंका तेव्हा अनेकांना येते, पण प्रत्यक्षात त्या क्षणी आपल्या हातून रसायनशास्त्राचा एक नीटस प्रयोग घडलेला असतो.

हळदीचा पिवळेपणा मुख्यतः करक्युमिन या द्रव्यामुळे येतो. फोगल आणि पेलेतिए यांनी १८१५ मध्ये ते हळदीतून वेगळे काढले, मात्र त्याची रचना उलगडायला १९१० साल उजाडावे लागले. वाळलेल्या हळदीत त्याचे प्रमाण साधारणपणे २ ते ५ टक्केच असते, तरीही चिमूटभर हळदीने पातेलेभर वरण रंगते. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ ही म्हण माणसांसाठी असली, तरी रंगाच्या बाबतीतही ती शब्दशः खरी आहे.

करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. फोडणीच्या तेलात हळद टाकताच तेल सोन्यासारखे दिसू लागते आणि नुसत्या पाण्यात ढवळलेली हळद थोड्या वेळाने तळाशी बसते, ते याचमुळे. आमटीचा डाग नुसत्या पाण्याने हटत नाही, याचे कारणही हेच.

आता रंगाकडे वळू. करक्युमिनच्या रेणूच्या दोन टोकांना कार्बनची दोन कडी असतात आणि त्यांना जोडणाऱ्या साखळीतून इलेक्ट्रॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले असतात. असा रेणू जांभळा-निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. अंगाचा किंवा कपड्यांचा नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. त्याच्या संपर्कात रेणूच्या टोकाचा हायड्रोजन निघून जातो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि रेणू हिरव्याच्या बाजूचा प्रकाशही शोषू लागतो, म्हणून डाग तांबडा दिसतो. भरपूर पाण्याने साबण खळबळून काढला किंवा त्यावर लिंबू पिळले, की डाग पुन्हा पिवळा होतो. मुका मार लागल्यावर आजी हळद आणि चुना कालवून लेप लावत असे, तेव्हा वाटीतली हळद बघता बघता लाल होई, तीही चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळेच.

पारंपरिक कुंकूही हळकुंडांपासूनच होते, पण तिथली गोष्ट थोडी निराळी आहे. हळकुंडे लिंबाच्या रसात टाकणखार घालून मुरवली जातात. लिंबाच्या आंबटपणात केवळ अल्कधर्मामुळे आलेला लाल रंग टिकला नसता; इथे टाकणखारातील बोरॉन करक्युमिनशी जोडला जाऊन लाल रंगाचे वेगळेच संयुग तयार होते. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीत बुडवून वाळवलेला कागद वापरण्याची पद्धतही याच गुणावर आधारलेली आहे. बाजारातील पुष्कळसे कुंकू आता कृत्रिम रंगाचे असते, त्याला हे वर्णन लागू पडत नाही.

धुऊनही राहिलेला पिवळा डाग घालवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ऊन. कपडा ओला असतानाच कडक उन्हात वाळत घातला, की संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो किंवा पार नाहीसा होतो. सूर्यप्रकाशाने करक्युमिनची मधली साखळी तुटते आणि तिचे जे तुकडे उरतात त्यांना पिवळा रंग नसतो. त्या तुकड्यांपैकी एक व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमला वास देणारेच द्रव्य, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत गमतीदार वाटते. सदऱ्याला मात्र आइस्क्रीमचा वास येत नाही, कारण त्याचे प्रमाण फारच थोडे असते.

जे ऊन डाग घालवते तेच बरणीतल्या हळदीचा रंगही उडवते. म्हणून खिडकीतल्या काचेच्या बरणीपेक्षा फडताळातला घट्ट झाकणाचा डबा हळदीला मानवतो, आणि सांगलीजवळच्या हरिपूरला हळद ज्या जमिनीखालच्या पेवांत साठवत असत, तिथे तर उजेड पोहोचण्याचा प्रश्नच नसे.